संगीतोपचार आणि कायद्यातील ‘रंजन’ : अमेरिकेतील कायदेविषयक पाठपुरावा व भारतीय अधिनियम, २०२१ – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

संसदेने मार्च २०२१ मध्ये ‘राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम’ संमत केला. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्यासाठी पूर्वीपासून स्वतंत्र कायदे व परिषदा होत्या. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, भौतिकोपचारक, आहारतज्ज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ अशा असंख्य आरोग्यकर्मींना मात्र राष्ट्रीय पातळीवर एकत्रित कायदेशीर ओळख नव्हती. ती देणे हा या अधिनियमाचा हेतू होय. त्याच्या अनुसूचीत दहा वर्ग असून त्यांत पन्नासहून अधिक व्यवसायांची नावे आहेत. सातव्या वर्गात, म्हणजे सामुदायिक काळजी व वर्तनविषयक आरोग्यशास्त्रे यांच्या वर्गात, ‘हालचाल-उपचारक’ अशी एक नोंद आहे. तिच्या कंसात कला-उपचारक, नृत्य व हालचाल-उपचारक आणि रंजन-उपचारक यांचा समावेश केलेला आहे. संगीतोपचारक हा शब्द तेथे नाही.

प्रस्तुत लेखात या अनुपस्थितीचा विचार केला आहे. संगीताने कोणता आजार किती बरा होतो, हा येथील मुख्य विषय नव्हे. कायदा संगीताला कोणत्या खान्यात बसवितो आणि तो खाना बदलून घेण्यासाठी एखाद्या व्यवसायाला काय काय करावे लागते, हे पाहावयाचे आहे. या दिशेने सर्वांत दीर्घ व संघटित प्रयत्न अमेरिकेत झाले असल्याने प्रथम तेथील कायद्यांची भाषा तपासली असून त्यानंतर भारतीय कायद्यांकडे वळले आहे.

अमेरिकेतील अनुभव

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या रुग्णालयांत गायक-वादकांना बोलाविले जाऊ लागले आणि रुग्णांवर होणाऱ्या परिणामांकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. गायक चांगला असला तरी रुग्णाशी कसे वागावे याचे शिक्षण त्याला नसते, ही अडचणही तेव्हाच ध्यानात आली. १९४४ मध्ये मिशिगन येथे आणि १९४६ मध्ये कॅन्सस विद्यापीठात संगीतोपचाराचे शिक्षणक्रम सुरू झाले. १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७१ मध्ये दुसरी संघटना निघाली आणि १९९८ मध्ये दोन्ही एकत्र येऊन आजची ‘अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशन’ अस्तित्वात आली. दरम्यान १९८३ मध्ये उपचारकांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारे स्वतंत्र मंडळ उभे राहिले. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी पदवी, मग परीक्षा आणि त्यानंतर कायद्याची मागणी, अशी ही वाटचाल आहे. आमदार-खासदारांपुढे जाताना ‘संगीतोपचारक कोणास म्हणावे?’ या प्रश्नाचे उत्तर संघटनेच्या हाती तयार होते.

१ ऑगस्ट १९९१ रोजी अमेरिकी सिनेटच्या वृद्धत्वविषयक विशेष समितीपुढे ‘संगीत आणि वार्धक्य’ या विषयावर सुनावणी झाली. नेवाडा राज्याचे सिनेटर हॅरी रीड यांनी तीत पुढाकार घेतला होता. मज्जाविकारतज्ज्ञ व लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी साक्ष दिली, तशीच ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाचे तालवादक मिकी हार्ट यांनीही दिली. वैद्यकीय अधिकार आणि लोकप्रियता यांना एकाच दालनात बसविण्याची ही योजना चतुर होती, हे मान्य करावे लागते. पुढील वर्षी, १९९२ मध्ये, वृद्ध नागरिकांसाठीच्या ‘ओल्डर अमेरिकन्स अॅक्ट’मध्ये झालेल्या दुरुस्तीत संगीतोपचाराचा नामनिर्देश झाला.

तथापि हा नामनिर्देश कोठे झाला हे पाहण्याजोगे आहे. रोगप्रतिबंध व आरोग्यसंवर्धनाच्या सेवांची जी यादी त्या कायद्यात आहे, तीत शारीरिक तंदुरुस्ती आणि सामूहिक व्यायाम यांच्याच ओळीत संगीतोपचार, कला-उपचार व नृत्य-हालचाल-उपचार हे शब्द येतात. म्हणजे नाव मिळाले, पण शेजार कवायतीचा मिळाला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेला तिच्या तरुणपणीच्या गाण्यातून बोलते करणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि वृद्धांच्या केंद्रात सकाळचे व्यायाम घेणारा स्वयंसेवक यांच्यात या कलमाच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही. संघटनेच्या इतिहासात १९९२ हे वर्ष विजयाचे म्हणून सांगितले जाते. मजकूर वाचल्यावर तो अर्धा विजय होता असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

शालेय शिक्षणाच्या क्षेत्रात याहून वेगळी गोष्ट घडली. अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या अमेरिकी कायद्यात शाळेने पुरवावयाच्या ‘संबंधित सेवां’ची यादी आहे. वाचोपचार, भौतिकोपचार, व्यवसायोपचार, समुपदेशन अशी नावे तीत आहेत, आणि उपचारात्मक रंजनासह ‘रंजन’ हेही नाव आहे. संगीतोपचार नाही. भारतीय अनुसूचीशी असलेले हे साम्य कुतूहलजनक आहे. दोन वेगळ्या देशांतील, वेगळ्या काळांतील मसुदाकारांना रंजनाचे नाव सुचले, संगीताचे सुचले नाही.

अमेरिकेत यावर उपाय निघाला तो मजकूर न बदलता. सदर यादी परिपूर्ण नाही, ती केवळ उदाहरणादाखल आहे, असा अर्थ शिक्षण विभागाने स्वीकारला. १९७७ च्या नियमांवरील टिपणीत कला, संगीत व नृत्य यांच्या उपचारांचा उल्लेख होताच. २००६ च्या नियमांसोबतच्या विवेचनात आणि २०१० च्या प्रश्नोत्तरांत विभागाने स्पष्ट केले की, एखाद्या मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यासाठी बसणाऱ्या गटाला संगीतोपचार आवश्यक वाटल्यास तो संबंधित सेवा म्हणून देता येतो. हे स्पष्टीकरण मिळविणे हेच पाठपुराव्याचे फळ होते. त्यासाठी नव्या कायद्याची गरज पडली नाही. मात्र त्याचा लाभ पालकांच्या चिकाटीवर अवलंबून राहिला. ज्या पालकाला ती चार ओळींची टिपणी ठाऊक आहे आणि जो बैठकीत ती पुढे ठेवू शकतो, त्याच्या मुलाला सेवा मिळते. न बोलणाऱ्या पालकाच्या मुलाच्या आराखड्यात ती येत नाही. कायद्यातील नाव आणि कायद्याचा अर्थ यांतील हा फरक व्यवहारात गरीब-श्रीमंतांतील फरक होऊन बसतो.

पैशाच्या प्रश्नाने या भाषेला धार आली. ज्येष्ठांसाठीच्या ‘मेडिकेअर’ योजनेत अंशकालीन मानसोपचार रुग्णालयांच्या देयकांसाठी ‘जी०१७६’ असा एक संकेतांक आहे. संगीत, नृत्य, कला किंवा खेळ यांच्या साहाय्याने दिलेला आणि रुग्णाच्या गंभीर मानसिक समस्येशी निगडित असलेला किमान ४५ मिनिटांचा उपचार त्यात येतो. परंतु हा उपचार ‘रंजनासाठी नसावा’ अशी स्पष्ट अट त्याच वाक्यात घातलेली आहे. शब्दशः पाहिल्यास ही अट विचित्र वाटते. गाणे ऐकून रुग्णाला आनंद झाला तर देयक नाकारावयाचे काय? अर्थात अटीचा रोख आनंदावर नसून हेतूवर आहे. रुग्णाचे मूल्यमापन झाले आहे, उद्दिष्ट लिहिलेले आहे, प्रगतीची नोंद ठेवली आहे, तरच त्या ४५ मिनिटांना सरकार उपचार मानते. संगीत तेच, खोली तीच, कदाचित गाणेही तेच. फरक पडतो तो रुग्णाच्या कागदावर काय लिहिले आहे याने. संगीताच्या मूल्याविषयी हा कायदा काहीच सांगत नाही, आणि तो शहाणपणाचा भाग आहे.

राज्यांची कहाणी थोडक्यात सांगता येईल. व्यवसायांना परवाने देणे हा अमेरिकेत राज्यांचा अधिकार असल्याने २००५ पासून संघटना व प्रमाणन मंडळ यांनी मिळून राज्यनिहाय मान्यतेची योजना हाती घेतली. २०११ मध्ये नॉर्थ डकोटा आणि नेवाडा या राज्यांनी संगीतोपचारकांसाठी परवाना कायदे केले. पुढे जॉर्जिया (२०१२), ओरेगॉन (२०१५) इत्यादी राज्यांची भर पडली. या कायद्यांना एकसारखे घर मात्र मिळाले नाही. नॉर्थ डकोटात संगीतोपचारक निसर्गोपचारकांबरोबर एका ‘एकात्मिक आरोग्य’ मंडळाखाली आले. जॉर्जियात परवाना राज्याच्या सचिव कार्यालयाकडून मिळतो. न्यूयॉर्कमध्ये २००२ च्या कायद्याने संगीत, कला, नृत्य, नाट्य व काव्य या साऱ्यांना ‘सर्जनशील कला-उपचारक’ या एका परवान्यात गुंफले आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक केली. परिणामी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेला पण केवळ पदवीधर असलेला संगीतोपचारक त्या राज्यात अपात्र ठरला. मान्यतेचा कायदाच काहींना बाहेर ठेवतो, हे या उदाहरणावरून दिसते. शिवाय राज्याचा परवाना आणि विम्याचे देयक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

युरोपातील दोन नोंदी येथे पुरेशा आहेत. ब्रिटनमध्ये १९९७ पासून संगीतोपचारकांची नोंदणी शासनमान्य आहे आणि नोंदणीशिवाय ते पदनाम वापरता येत नाही. ऑस्ट्रियाने २००८ मध्ये संगीतोपचाराचा स्वतंत्रच कायदा केला, तो १ जुलै २००९ पासून लागू झाला. त्यात स्वतंत्र जबाबदारीने आणि इतरांबरोबर सहजबाबदारीने काम करणारे उपचारक अशा दोन पायऱ्या आहेत. या दोन पायऱ्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

भारतीय कायद्यांत संगीताची जागा

भारतीय कायद्यांनी संगीताची दखल घेतलीच नाही असे नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमाने करमणुकीवर कर बसविला आणि वस्तू व सेवा कर येईपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, शासनदरबारी तिकीट लावून होणारी मैफल ही प्रामुख्याने करपात्र अथवा करमुक्त ‘करमणूक’ होती. दुसरीकडे, आरोग्याशी नाते सांगणारा नाद कायद्यात आढळतो तो १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमात. तेथे ‘जादुई उपचार’ या संज्ञेत ताईत व कवच यांच्या जोडीला ‘मंत्र’ हा शब्द आहे. थोडक्यात, एकीकडे करमणूक आणि दुसरीकडे जादू. या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, तेथे संगीतोपचाराला उभे राहावयाचे आहे, आणि त्या जागेला कायद्यात नाव नाही.

१९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाखाली वाचोपचारक, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशा सोळा प्रकारच्या व्यावसायिकांची नोंदणी होते. त्यांत संगीतोपचारक नाहीत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमात कलांचा विचार आहे, पण तो ‘संस्कृती व रंजन’ या शीर्षकाच्या कलम २९ मध्ये आहे. दिव्यांग कलावंतांना साहाय्य, कलेची सुगमता, नृत्य व कलावर्गांतील सहभाग या त्यातील तरतुदी स्वागतार्हच आहेत. दिव्यांग व्यक्तीने संगीताचा आनंद घेणे हा तिचा हक्क आहे आणि तो उपचाराच्या नावाखाली झाकला जाऊ नये. तरीही पुनर्वसनाच्या तरतुदी एका बाजूला व संगीत दुसऱ्या बाजूला, ही विभागणी येथेही कायम राहिली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा देण्याचे बंधन घातले. परंतु नोंदणी नसलेल्या उपचारकाच्या सेवेला विमा कंपनीपुढे कोणता आधार असणार, हा प्रश्न उरतोच.

अशा पार्श्वभूमीवर २०२१ चा अधिनियम येतो. अनुसूचीतील व्यवसायांसोबत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणाचे क्रमांक दिलेले आहेत. त्या वर्गीकरणाच्या २२६९ क्रमांकाच्या गटात कला, नृत्य-हालचाल आणि रंजन यांच्या उपचारकांची उदाहरणे येतात. अनुसूचीची शब्दरचना त्यांच्याशी जुळते. यावरून संगीताला कोणी हेतुपुरस्सर वगळले असे म्हणण्याचे कारण दिसत नाही. तयार यादीतील शब्द आले आणि यादीत जे ठळक नव्हते ते राहिले, असेच घडले असावे. ज्या देशात मंदिरापासून माजघरापर्यंत गाणे आहे, त्या देशाच्या कायद्यात जिनिव्हाच्या यादीमुळे गाणे राहून जावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

‘कला’ या शब्दात संगीत अंतर्भूत नाही काय, असा युक्तिवाद करता येईल. चौसष्ट कलांच्या परंपरेत गीत व वाद्य यांना अग्रस्थान आहे, आणि मराठी वाचकाला कला म्हणताच संगीत आठवेल. परंतु अधिनियमाचा मूळ मजकूर इंग्रजी आहे व त्या भाषेतील उपचारक्षेत्रात ‘आर्ट थेरपी’ म्हणजे चित्र, रंग, माती यांद्वारे केलेला उपचार, असा रूढ अर्थ आहे. शिवाय ही सारी नोंद ‘हालचाल-उपचारक’ या नावाखाली आहे. व्हेंटिलेटरवरून नुकत्याच काढलेल्या रुग्णाच्या उशाशी मंद स्वरात गाणाऱ्याला हालचाल-उपचारक म्हणणे ओढूनताणून होईल. अमेरिकी शिक्षण विभागाने केले तसे अर्थविस्ताराचे कामही येथे कठीण आहे. कारण अधिनियमानुसार ‘मान्यताप्राप्त वर्ग’ म्हणजे अनुसूचीत निर्दिष्ट केलेला वर्ग. यादी उदाहरणादाखल नाही, बंद आहे. ती उघडण्याचा मार्ग केंद्र सरकारच्या अधिसूचनेचा आहे, आयोगाशी विचारविनिमय करून अनुसूचीत बदल करण्याचा अधिकार त्याला दिलेला आहे.

येथे पाठपुराव्याच्या अभावाचीही दखल घ्यावयास हवी. या विषयावरील पहिले विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, ते संसदीय स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल जानेवारी २०२० मध्ये आला, सप्टेंबर २०२० मध्ये नवे विधेयक आले आणि मार्च २०२१ मध्ये ते संमत झाले. सव्वादोन वर्षांच्या या काळात एक शब्द वाढवून घेणे अशक्य नव्हते. भौतिकोपचारक व व्यवसायोपचारक यांना महाराष्ट्रात २००२ च्या अधिनियमान्वये स्वतःची राज्य परिषद होती. त्यांच्याकडे संघटना, पदव्या, नोंदवह्या होत्या, म्हणून अनुसूचीत त्यांना स्वतंत्र वर्ग मिळाले. संगीतोपचाराच्या बाबतीत भारतात आधी पदवी, मग परीक्षा हा क्रमच घडलेला नाही. त्याऐवजी पं. ओंकारनाथ ठाकुरांनी १९३३ मध्ये पूरिया गाऊन मुसोलिनीला झोपविले, ही आख्यायिका आणि अमुक रागाने अमुक आजार बरा होतो अशा तक्त्यांवर प्रचाराची भिस्त राहिली. हे तक्ते मैफलीनंतरच्या गप्पांत शोभून दिसतात. संसदीय समितीपुढे ते ठेवले, तर १९५४ च्या अधिनियमाची आठवण होण्याचीच शक्यता अधिक.

पुराव्याच्या बाबतीत अतिशयोक्तीचा मोह टाळणे पाठपुराव्याच्याच हिताचे आहे. स्वमग्न मुलांवरील एक मोठा प्रयोग २०१७ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नऊ देशांतील ३६४ मुलांवर केलेल्या या प्रयोगात उत्स्फूर्त संगीतोपचाराने पाच महिन्यांत लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक पडल्याचे आढळले नाही. हा निष्कर्ष संगीतोपचाराच्या विरोधकांनीच उद्धृत करावा असे नाही. इतका काटेकोर प्रयोग करून प्रतिकूल निष्कर्षही छापला जातो, यावरून तो एक अभ्यासविषय म्हणून प्रौढ झाल्याचे कळते. नोंदणीचा खरा युक्तिवाद चमत्काराचा नाहीच. संगीतामुळे क्वचित अपस्माराचा झटका येऊ शकतो, आवाजाला अतिसंवेदनशील असलेल्या मुलाला ढोलकीची थाप यातना देऊ शकते, एखादे गाणे जुना आघात जागा करू शकते. ही जोखीम ओळखणारी व्यक्ती कोण आणि न ओळखणारी कोण, हे आज पालकाला कळण्याचे साधन नाही. कोणीही ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावू शकतो आणि काही बिघडल्यास दाद मागण्यासाठी व्यावसायिक परिषद नाही.

एक शब्द वाढवून भागेल काय?

अनुसूचीत ‘संगीतोपचारक’ हा शब्द उद्या आला, तर नवी अडचण उभी राहील. अधिनियमाच्या व्याख्येनुसार ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ होण्यास तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांची पदवी लागते आणि ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ होण्यास दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांची पदविका अथवा पदवी. भारतातील संगीतोपचाराचे शिक्षण बहुतांशी अल्प मुदतीच्या प्रमाणपत्र व पदविका वर्गांतून चालते. शिवाय या कामात येणाऱ्या अनेकांचे खरे शिक्षण गुरूपाशी झालेले असते किंवा ते अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद-अलंकार परीक्षांचे असते. दहा वर्षांची तालीम या कायद्याच्या तासांत कशी मोजावयाची? न्यूयॉर्कमध्ये जे पदवीधरांचे झाले ते येथे विशारदांचे होऊ शकते. ऑस्ट्रियाच्या दोन पायऱ्या या दृष्टीने उपयोगी आहेत. भारतीय अधिनियमातही ३,६०० व २,००० तासांच्या दोन पायऱ्या आधीच आहेत, त्यामुळे नव्या रचनेची गरज नाही. पहिल्या पायरीवर मूल्यमापन व उपचार-आराखडा करणारा उपचारक, दुसरीवर त्याच्या आराखड्यानुसार काम करणारा प्रशिक्षित संगीतकार, अशी विभागणी मागता येईल. मात्र दुसऱ्या पायरीसाठी रुग्णालयीन प्रशिक्षणाचे तास सक्तीचे असावेत, त्यात गाण्याच्या तालमीची सूट देऊ नये. सूट द्यावयाचीच तर ती संगीताच्या विषयांत द्यावी.

दुसरी बाब व्याख्येची. अमेरिकी राज्यांच्या कायद्यांत इतर व्यावसायिकांना आपल्या कामाच्या ओघात संगीत वापरण्याची मोकळीक ठेवलेली असते. बंदी असते ती स्वतःला संगीतोपचारक म्हणवून घेण्यावर. भारतात ही तरतूद अधिक आवश्यक आहे. रुग्णालयाच्या आवारात हरिपाठ म्हणणारे भजनी मंडळ, वृद्धाश्रमात नाट्यगीते गाणारा हौशी गायक, विशेष शाळेत टाळ वाजवून मुलांना मोजणी शिकविणाऱ्या बाई यांपैकी कोणालाही नोंदणीची पायरी चढावी लागू नये. त्यांचे काम रंजन आहे, भक्ती आहे, शिक्षण आहे, आणि तसेच राहावे. मेडिकेअरच्या संकेतांकाप्रमाणे हेतू, मूल्यमापन व नोंद या तीन गोष्टींवर व्याख्या बेतल्यास हे दोन्ही साधते.

पाठपुरावा कोणाकडे करावयाचा, याचे उत्तर अमेरिकेपेक्षा येथे सोपे आहे. व्यवसायांचे नियमन हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने एका केंद्रीय अधिसूचनेने जे होईल, त्यासाठी अमेरिकी संघटनेला राज्याराज्यांचे उंबरे झिजवावे लागले. अर्थात एका अधिसूचनेतील चूकही सर्व देशाला एकदमच भोवते. राज्य परिषदा स्थापण्यातील दिरंगाईमुळे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, हे पाहता नव्या व्यवसायाचा अर्ज कोणाच्या प्राधान्यक्रमात वर असेल अशी अपेक्षा करता येत नाही. अर्जासोबत किमान तासांचा अभ्यासक्रम चालविण्यास तयार असलेले एखादे विद्यापीठ आणि रुग्णालयीन प्रशिक्षण देण्यास तयार असलेले एखादे वैद्यकीय महाविद्यालय असेल, तर आयोगाला त्या अर्जावर काही निर्णय देणे भाग पडेल. महाराष्ट्रात संगीत विभाग असलेली विद्यापीठे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये एकाच शहरात नांदत आहेत. त्यांच्यात असा सामंजस्य करार करण्यास अनुसूचीतील शब्दाची वाट पाहावी लागत नाही.